दारातली ओर्सोला

मेलबर्न, १८ फेब्रुवारी १९९७

प्रिय सान्तिना,

पार्सल काल मिळालं. कस्टमवाल्यांनी डबा उघडून पाहिला होता, पण मीठ सांडलं नाही. रोक्कोने झाकण काढलं आणि नाक आत घालून तसाच उभा राहिला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही, घरी जाऊन आलो." गुडघ्यामुळे नवरोबाला आता फाटकापर्यंतही चालवत नाही, पण केपरच्या वासावर तो आपल्या बेटावर, सालीनाला, जाऊन येतो.

इथे दुकानात केपर मिळतात ते सिरक्यातले. तोंडात टाकले की सिरकाच लागतो, कळी कुठे लागतच नाही. तुझ्या डब्यातल्या कळ्या सगळ्या एका मापाच्या, हिरव्यागार, घट्ट. आईने निवडल्या आहेत ना? मी बघताक्षणी ओळखलं. फुलायला आलेली एक कळी ती डब्यात जाऊ द्यायची नाही. आपल्या दोघींच्या टोपल्या पुन्हा उपसायची, आठवतं?

आता एक काम. ईस्टरला रिताची सासू जेवायला येणार आहे. कालाब्रियाची बाई, जिभेला हाड नाही. मागच्या खेपेला माझ्याच टेबलावर बसून म्हणाली, "तुमच्या बेटावर दगड आणि मीठ, त्यात स्वयंपाक तो काय असणार?" माझी लेक रिता खाली मान घालून हसत होती. मी उठून बशा उचलल्या. यंदा मला तिच्यासमोर आईचा आंबटगोड ससा ठेवायचाय. छत्तीस वर्षं मी तो अंदाजाने करतेय आणि एकदाही तो तसा झालेला नाही. आईला नीट विचार आणि ती सांगेल ते शब्दन् शब्द लिही.

फोनवर तिच्याशी बोलणं आता होतच नाही. दर वेळी तू म्हणतेस, तिला ऐकू येत नाही, ती फोनपाशी यायला कंटाळते. कान गेले तर गेले, पण तिला हे माझं पत्र मोठ्याने वाचून दाखव. आणि सांग, पुढच्या वर्षी मी नक्की येते.

तुझी
कातेना

*

मालफा, ८ मार्च १९९७

प्रिय कातेना,

आई ओट्यावर वेलाखाली बसून सांगतेय आणि मी लिहितेय.

ससा मोठे तुकडे करून एक रात्र लाल वाइनमध्ये ठेव. सकाळी पुसून तेलात चांगला लाल कर आणि बाजूला काढ. त्याच तेलात कांदा आणि सेलरी. मग हिरवे ऑलिव्ह, धुतलेले केपर, मूठभर बेदाणे, थोडा टोमॅटो. ससा परत आत घाल, झाकण ठेव. मांस हाडापासून सुटायला लागलं की सिरका, आणि सिरक्याचा वास उडाल्यावर साखर. साखर आधी नाही. आई म्हणते, घाई करू नकोस, तू लहानपणापासून घाईची.

बाकी इथलं काय लिहू. तुझा मेहुणा जिल्दो खुर्च्यांना निळा रंग देतोय. पूर्वी आपण होडीला लावून उरेल तो रंग खुर्च्यांना द्यायचो. आता पाहुण्यांना निळा आवडतो, म्हणून निळा. खाणावळीच्या दारावरची पाटीही नवीन केली, "ओर्सोलाचं स्वयंपाकघर". आईचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात पाहून गावातले लोक हसतात. हसू देत. तेच लोक आता घरातली खोली पाहुण्यांना देतात आणि स्वतः कोंबड्यांच्या खोपटात झोपतात.

ईस्टरपासून मिलानवाले येतील, मागोमाग जर्मन. सगळ्यांना आईला भेटायचं असतं. ती दारात बसून शेंगा सोलते, ते वाकून तिचा हात हातात घेतात आणि फोटो काढतात. स्वयंपाकघरात मी एकशेवीस बशा धुते, तिथे फोटो काढायला कुणी येत नाही.

पुढच्या वर्षी येतेस म्हणतेस. हे १९७९ पासून वाचतेय.

सान्तिना

*

मेलबर्न, ६ ऑक्टोबर १९९७

माझ्या लाडक्या सान्तिना,

कुठून सुरुवात करू कळत नाही. ईस्टरला ससा केला. आईने सांगितला तस्साच. पहिला घास घेतला आणि मला उठून आत जावं लागलं. हीच चव, हीच, छत्तीस वर्षं मी जिला शोधत होते ती. बेदाणे. मी बेदाणेच विसरले होते. रिताच्या सासूने दोनदा वाढून घेतला आणि वर म्हणाली, "ठीक आहे." तिच्या तोंडून "ठीक आहे" म्हणजे बिशपचा आशीर्वाद.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. समोर प्रवासाचं एक चकचकीत मासिक पडलेलं. चाळता चाळता पान उलटलं आणि आपलं दार. आपला ओटा, आपले पांढरे खांब, वेल. आणि दारात आई. पूर्ण पानभर. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर शेंगांचं सुपडं, डोळे बारीक करून बघतेय. खाली लिहिलंय, "आजी ओर्सोला, सालीनाचा आत्मा." मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांच्या मदतनीस बाईला वाटलं, दाढ दुखतेय.

बाहेर पडून पाच प्रती घेतल्या. एक फ्रेम करून कपाटावर ठेवलीय, सकाळी उठले की आधी तिच्या कपाळावर ओठ टेकवते. किती सुरकुतलीय गं ती. आणि किती शांत दिसते. मला ती आठवते ती सतत चिडलेली. म्हातारपणाने गोड झाली म्हणायची. तुझ्यामुळे, सान्तिना. तू तिला राणीसारखं ठेवलं आहेस. तुला मी कधी हे म्हटलं नाही, आज म्हणते.

मी एप्रिलमध्ये येतेय. रोक्कोला रिताकडे ठेवते. तिकिटाची चौकशीही केली.

कातेना

*

मालफा, ३ नोव्हेंबर १९९७

प्रिय कातेना,

पाच प्रती कशाला घेतल्यास? मासिकवाले जूनमध्ये आले होते, दिवसभर उन्हात सगळ्यांना उभं केलं. फोटो बरा आलाय असं सगळेच म्हणतात.

एप्रिलमध्ये छताचं काम काढलंय. घरात पाय ठेवायला जागा नसेल, धूळ असेल. आणि ईस्टरही एप्रिलातच. रोक्कोचा गुडघा तसा असताना त्याला सोडून येऊ नकोस. आधी त्याचं ऑपरेशन होऊ दे.

आईला फोटोचं सांगितलं. हसली.

यंदा माल्व्हाझियाची द्राक्षं चटईवर सुकत असतानाच पाऊस आला. अर्धी सडली.

सान्तिना

*

मेलबर्न, ११ जानेवारी १९९८

सान्तिना,

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बेटांच्या मंडळात जेवण होतं. मी फ्रेम घेऊन गेले होते. सगळ्या टेबलांवर फिरवली. "ही माझी आई, मासिकात आली आहे." लोक बघत होते, वा वा म्हणत होते. मग फ्रेम लेनी गावच्या नीनोच्या हातात गेली. ऐंशीच्या पुढे आहे तो, पण नजर तीक्ष्ण. त्याने चष्मा काढला, फोटो डोळ्यांशी नेला आणि म्हणाला, "ही तर वेनेरा."

मी म्हटलं, "नीनो, ही माझी आई ओर्सोला."

"अगं, तुझी आई मला माहीत नाही का? ही लेनीची वेनेरा. माझ्या धाकट्या भावाला हिने नकार दिला होता. त्या पायी तो अर्जेंटिनाला गेला. तिला मी जन्मात विसरणार नाही."

कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी सगळे चेहरे सारखेच दिसतात. नीनो ऐकेना. "डावी भुवई बघ. मधे तुटलीय. बकरीने शिंग मारलं होतं."

मी घरी येऊन भुवई पाहिली.

सान्तिना, तीन महिने मी एका परक्या बाईच्या कपाळावर ओठ टेकवत होते. माझ्या नातवंडांना "पणजीला नमस्कार करा" म्हणत होते. तिचं काय झालं ते एका ओळीत लिही. मेली असेल तर तसं लिही. जिवंत असेल तर कुठे आहे ते लिही. छताचं, द्राक्षांचं काही नको.

कातेना

*

मालफा, २ फेब्रुवारी १९९८

कातेना,

ती जिवंत आहे. समुद्रापलीकडे मिलाझ्झोला आहे, नन्सच्या आश्रमात, १९९४ च्या नोव्हेंबरपासून. ही झाली तुझी एक ओळ. आता माझ्याही चार ओळी वाच.

१९९३ च्या हंगामात सुरुवात झाली. केपर धुवायची विसरायची. मिठातून काढून थेट पास्तावर. लोक एक घास घेऊन पाणी मागायचे. मी तिला म्हटलं, "आई, धुतले नाहीस." तर म्हणाली, "मला शिकवू नकोस, मी तुझ्या आईच्या वयाची आहे." मला वाटलं, चेष्टा करतेय. एकदा एक जर्मन माणूस जेवत होता, तिने त्याची ताटली ओढून घेतली. "तू कोण? माझ्या नवऱ्याच्या जागेवर का बसलास?" त्याला काही कळलं नाही. बाकीच्या टेबलांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा इथला रिवाज आहे.

१९९४ च्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ती कुठे दिसेना. जिल्दोला कड्याच्या टोकाशी सापडली, परकरावर. केपर गोळा करत होती. ऑक्टोबरमध्ये कुठले केपर? ओच्यात खडे होते. एकसारखे, बारीक, निवडून घेतलेले. पंधरा दिवसांनी उकळतं तेल हातावर ओतून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हिला एकटी सोडायची नाही. कोण बसणार होतं तिच्याजवळ? तू?

नंतरच्या वसंतात पाहुणे आले, पहिला प्रश्न, "आजी कुठे?" पहिल्या आठवड्यात मी खरं सांगितलं. त्यांचे चेहरे पडायचे. माझ्या आईसाठी नाही, त्यांच्या सुट्टीसाठी. उठून शेजारच्या ओट्यावर जायचे. तेव्हा वेनेरा माझ्याकडे भांडी घासायला यायची. विधवा, मुलगा जिनोव्हाला, पत्र नाही की काही नाही. एका दुपारी तिचे पाय सुजले म्हणून ती दारातल्या खुर्चीवर टेकली. मिलानची एक बाई आली, वाकली, तिचा हात ओठांना लावला आणि म्हणाली, "आजी ओर्सोला, शेवटी भेटलात." वेनेराने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. एवढंच झालं. मी काही ठरवलं नव्हतं, फक्त बोलले नाही.

सशाची कृतीही वेनेराची. आईच्या सशात बेदाणे कधी नव्हते. तिची कृती मला येत नाही, तिने ती कुणाला दाखवलीच नाही. मी विचारलं तेव्हा ती पातेल्यात बघत बसली आणि मग म्हणाली, "ससा कुठे आहे?" तुला जी चव छत्तीस वर्षांनी सापडली ती लेनीच्या एका परक्या घरातली. आणि "तू लहानपणापासून घाईची" हे आईने म्हटलेलं नाही. ते मी म्हटलं.

आता तुझं. मे १९९४ मध्ये मी तुला पत्र लिहिलं होतं. चार पानी. आईचं असं होतंय, एक हंगाम तरी ये, तीन महिने, मी एकटी पुरी पडत नाही. उत्तरात तू रिताच्या लग्नाचे फोटो पाठवलेस, आणि मला वाटलं पत्र हरवलं असेल. दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगत राहिले. पत्र हरवलं होतं का, कातेना?

सान्तिना

*

मेलबर्न, १४ एप्रिल १९९८

सान्तिना,

नाही. हरवलं नव्हतं.

ट्रामच्या थांब्यावर उभ्याउभ्याच वाचलं. दोन ट्राम जाऊ दिल्या. मग ते पिशवीत घातलं, घरी आल्यावर शिवणाच्या डब्यात, कापडांच्या तळाशी. कुणाला दाखवलं नाही, रोक्कोलाही नाही. रिताचं लग्न सहा आठवड्यांवर होतं. मी स्वतःला म्हटलं, लग्न झालं की लिहीन. लग्न झाल्यावर वाटलं, आता इतका उशीर झालाय की काय लिहायचं. नंतर तू त्याचा उल्लेख केला नाहीस, तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायला मला दोन महिने लागले.

मी १९६१ मध्ये बोटीवर चढले तेव्हा आई मला म्हणाली होती, "तू गेलीस तरी सान्तिना आहे." मी तेच धरून बसले. सान्तिना आहे. आई म्हातारी झाली, सान्तिना आहे. बाबा गेले, सान्तिना आहे. तू होतीस म्हणून मला कधी परत यावंच लागलं नाही.

रोक्कोचं ऑपरेशन जुलैत आहे. त्याच्या पायावर जोर आला की सप्टेंबरमध्ये निघते. या वेळी खरंच. तिला कळत नसेल तरी सांग. तिच्या चांगल्या कानाशी वाकून सांग. तुला राग येईल, पण ती कुणाला ओळखते का, तेवढं लिही.

कातेना

*

मालफा, ४ ऑक्टोबर १९९८

कातेना,

सप्टेंबरमध्ये येणार होतीस. ऑगस्टमध्ये रोक्कोची जखम चिघळली, असं रिताच्या कार्डावरून कळलं. त्यामुळे आता हे पत्रच.

आई ९ ऑगस्टला गेली. संध्याकाळी, जेवण झाल्यावर, खुर्चीत. नन्सनी फोन केला तेव्हा मी चाळीस माणसांचं मांडत होते. दुसऱ्या दिवशी सान लोरेन्झोची जत्रा, गावात पाय ठेवायला जागा नाही, सगळ्या खोल्या भरलेल्या.

मी सकाळच्या पहिल्या बोटीने गेले. जिल्दो मागे थांबला. पाद्री, दोन नन्स आणि मी. तिला मिलाझ्झोच्याच दफनभूमीत ठेवलं, भिंतीतल्या खणात, खालून तिसऱ्या ओळीत. चारच्या बोटीने परत आले. रात्री जत्रेच्या पालखीपुढे बँड वाजत होता आणि मी भरलेले माकूल मासे वाढत होते. जाताना बोटीवर मी रंगीत झगा घातला होता, शोकाचा काळा पिशवीत नेला आणि आश्रमाच्या न्हाणीघरात बदलला. येताना पुन्हा रंगीत.

तू विचारशील, गावात का आणलं नाही. गावात आणायचं तर घंटा वाजवावी लागते. काळ्या चौकटीचा कागद भिंतींवर लागतो, नावासकट, वयासकट. ओर्सोला, वय शहाऐंशी. आणि ओर्सोला तर दारात बसली होती. पाहुण्यांना वाचता येतं, कातेना. गावाने विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांच्या खोल्या भरलेल्या होत्या. फक्त औषधाच्या दुकानवालीने माझा हात दाबला आणि लगेच सोडला.

मी तुला त्या दिवशी फोन लावायला उचलला होता. मग ठेवला. तू आली असतीस. ऑगस्टच्या मध्यावर, काळ्या कपड्यांत, त्या दारात. मला तू तेव्हा नको होतीस. हे मी लिहितेय कारण तू ट्रामच्या थांब्याचं लिहिलंस.

ती कुणाला ओळखत नव्हती. मला ती "अगं बाई" म्हणायची. शेवटच्या हिवाळ्यात एकदा म्हणाली, "अगं बाई, तू चांगली आहेस. तुला आई आहे का?"

आता हंगाम संपला. मी काळं नेसले आहे. नोव्हेंबरमध्ये तिला इथे आणू, बाबांच्या शेजारी. तू ये. दगडावर काय लिहायचं ते तूच ठरव.

सान्तिना

*

मिलाझ्झो, २१ नोव्हेंबर १९९८

सान्तिना,

शिक्का बघून तुला कळेल. मी चार दिवस इथे आहे, बंदरासमोरच्या लॉजमध्ये. कळवलं नाही.

आश्रमात गेले होते. सिस्टर इम्माकोलाता नावाची नन भेटली, तुझ्याच वयाची. तिने आईचा पलंग दाखवला, त्यावर आता दुसरी म्हातारी आहे. मी तिथे तुझ्यावरचा राग धरायलाच गेले होते, खरं सांगते. विचारलं, "माझी बहीण येत होती का?" तिने वही वगैरे काही काढली नाही. म्हणाली, "हिवाळ्यात दर मंगळवारी. समुद्र खवळला की बोटीत उलट्या करत यायची, तोंड धुवायची, आणि मग त्यांना भरवायची. दीड तास लागायचा त्यांना एक वाटी सूप प्यायला. उन्हाळ्यात नाही यायची. उन्हाळ्यात आम्ही भरवायचो." मग मला म्हणाली, "तुम्ही दुसरी. त्यांच्या तोंडात तुमचं नाव कधी आलं नाही. त्यांच्या तोंडात कुणाचंच आलं नाही." तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं.

खणापाशी रोज गेले. त्यावर अजून नाव नाही, ओल्या सिमेंटात काडीने कोरलेला आकडा आहे.

आज सकाळी बोटीचं तिकीट काढलं. हवा स्वच्छ होती, धक्क्यावरून बेट दिसत होतं, आपले दोन्ही डोंगर. माणसं चढली, भाज्यांच्या पेट्या चढल्या. फळी काढणारा मला म्हणाला, "काकू, येताय का नाही?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग बाजूला व्हा."

मी तिथे येऊन काय करू? कुणाला भेटू? ओट्यावर आले तर वेनेरा उठून उभी राहणार, तू स्वयंपाकघरातून हात पुसत येणार, आणि आपण तिघी एकमेकींकडे बघणार. मला ते होणार नाही. आणि आईलाही तिकडे नेऊ नकोस. एका गावात एकाच बाईला दोनदा कसं ठेवशील? ती इथे बरी आहे. मी इथल्या दगडकाम करणाऱ्याला तिचं नाव आणि दोन तारखा सांगितल्यात. पुढे काही नाही. "प्रेमळ आई" वगैरे लिहायचं का, म्हणून त्याने विचारलं. मला तिचं तेवढं आठवत नव्हतं.

परवा विमान आहे. यानंतर मी लिहीन असं वाटत नाही.

कातेना

*

मालफा, १९ जून १९९९

कातेना,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितेय.

वेनेरा गेली. म्हणजे जिवंत आहे, लेनीला आपल्या घरी आहे. जत्रा झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच तिने रुमाल सोडून घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाली, "ती जिवंत होती तोवर मी तिची जागा राखत होते असं मला वाटायचं. आता नाही बसणार." मी म्हटलं, "वेनेरा, हंगामाचे चार आठवडे राहिलेत." ती म्हणाली, "तू तिच्यासाठी रडलीस तरी का?" मी म्हटलं, "वेळ कुठे होता." तिने पिशवी उचलली आणि ती निघाली. तेवढे चार आठवडे मी पाहुण्यांना सांगितलं, आजीला ताप आहे.

यंदा ईस्टरला पहिली बोट आली. जिल्दोने खुर्ची दारात मांडली, रुमाल तिच्या पाठीवर टाकला. "दुसरी कुणी बघू का?" म्हणाला. मी म्हटलं, "आता कुणाच्या आईला आणतोस?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी अजून काळ्यातच होते. केस माझे कधीच पांढरे झालेत, दात दोन बाजूंचे गेलेत, पाठ बशांवर वाकून वाकून वाकलीच आहे. तो काही बोलला नाही आणि मीही काही बोलले नाही. रुमाल बांधला आणि बसले.

कुणाला काही वेगळं वाटलं नाही. एका जोडप्याने मासिकाचं ते पान जपून आणलं होतं. पान माझ्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिलं. नवरा म्हणाला, "अगदी तशाच आहेत." स्वयंपाकघरात आता मेस्सीनाची दोन मुलं राबतात. ससा त्यांना मी शिकवला, बेदाणे घालून. मी दिवसभर सावलीत बसते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाय टेकलेत.

काल तुरिनची एक तरुण बाई माझ्यापाशी जमिनीवर बसली. चांगली होती, बोलायला गोड. माझा हात कुरवाळत म्हणाली, "आजी, तुम्हाला मुलं किती?"

मी म्हटलं, "एक मुलगी. ऑस्ट्रेलियात असते."

"फार लांब. आणि इथे, तुमच्याजवळ?"

मी म्हटलं, "इथे कुणी नाही."

सान्तिना